चोर सोडून संन्याशाला

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द नोकरीत आम्ही किती वेळा उच्चारले असतील, याची कुणी नोंद ठेवली असती तर आमच्या नावावर एक स्वतंत्र लेजर भरलं असतं. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला काही मंत्र तोंडपाठ असावे लागतात. ‘झेरॉक्स जोडा’, ‘सही जुळत नाही’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे त्यांतले किरकोळ. ‘सर्व्हर डाऊन’ हा महामंत्र. तो म्हटला की औशाहून एस.टी.ने आलेला माणूस निमूटपणे पिशवी काखेत मारून परत औशाला जातो. सर्व्हर म्हणजे काय, तो कुठं असतो आणि तो असा सारखा खाली का बसतो, हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नसतं.

हाच मंत्र एक दिवस आमच्याच घरात आम्हालाच ऐकावा लागेल, असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांना कॉम्प्युटरवरची एक गेम हवी होती. किंमत साडेतीन हजार रुपये. मागच्या गल्लीतला त्याचा एक मित्र तीच गेम पेन ड्राइव्हवर फुकट द्यायला तयार होता. आमच्यातला सद्‌गृहस्थ खडबडून जागा झाला. आम्ही चिरंजीवांना समोर बसवून सचोटीवर अर्धा तास व्याख्यान दिलं. ‘कष्टाच्या पैशाने विकत घेतलेल्या वस्तूचा आनंद काही वेगळाच असतो’ हे वाक्य तर आम्ही दोनदा म्हटलं. पोरगं भोळं. त्याने ते मनावर घेतलं. मामाने दिलेले, आजीने निघताना मुठीत कोंबलेले, असे दोन वर्षांचे पैसे साठवून गेल्या दिवाळीत त्याने ती गेम रीतसर विकत घेतली. पाडव्याला अभ्यंगस्नान करून, फराळाची बशी शेजारी ठेवून, तो खेळायला बसला.

पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली. मथितार्थ एवढाच की, सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

“ही गेम किती जणांनी मिळून खेळायची असते?” आम्ही विचारलं.

“एकट्यानेच.”

“मग सर्व्हरचा काय संबंध?”

“आपण ती खरंच विकत घेतलीय का, हे गेम कंपनीला विचारते. कंपनीने हो म्हटलं की सुरू होते.”

“पण तू तर पैसे भरलेस ना?”

“भरले. पण ती दर वेळी विचारते.”

मागच्या गल्लीतल्या मित्राची गेम त्या वेळी व्यवस्थित चालू होती. तिचा आवाज आमच्या मागच्या खिडकीतून येत होता. चिरंजीवांनी एक चकली उचलली, परत ठेवली आणि आमच्याकडे न बघताच विचारलं, “बाबा, मी विकत घेतली म्हणूनच ती बंद आहे ना?”

“उद्या बघू,” आम्ही म्हणालो. सवयीचा परिणाम.

त्या प्रश्नाने आमची दिवाळी गोड लागेना. माणूस बी.कॉम. असला की त्याला कुठल्याही खात्याची जुनी बाकी काढून पाहायची खोड असते. आम्ही या कुलपांच्या इतिहासात शिरलो. आणि वाचकहो, त्या खात्यावर पहिल्याच पानावर कर्जदार म्हणून आमचंच नाव निघालं.

आता ‘कॉपी’ हा शब्द आमच्या मराठवाड्यात फार जपून वापरावा लागतो. इथं कॉपी म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो बोर्डाचा पेपर आणि परीक्षा केंद्राच्या खिडकीला लटकलेला मामा. २०१० च्या सुमारास शेजारच्या नांदेडला श्रीकर परदेशी नावाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कॉपीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा तिचा गवगवा साऱ्या महाराष्ट्रात झाला, तो उगाच नव्हे. पण कॉम्प्युटरच्या जगात कॉपीमुक्तीची पहिली आरोळी त्याच्याही बरीच आधी, ३ फेब्रुवारी १९७६ रोजी ठोकली गेली. ठोकणारा होता बिल गेट्स नावाचा वीस वर्षांचा पोरगा. त्याने छंद म्हणून कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना एक उघडं पत्र लिहिलं. तुम्हांपैकी बहुतेक जण आमचा प्रोग्राम चोरून वापरता, कष्टाचा हिशेब केला तर आम्हाला तासाला दोन डॉलरसुद्धा सुटले नाहीत, असा त्याचा आशय. पुढं त्याला किती सुटले ते आपण जाणतोच. पण त्या दिवशीची त्याची तक्रार खरी होती. भेळेची गाडी लावणाराही पहिल्या दिवशी उधारीवाल्यांकडे अशाच नजरेने पाहतो.

तेव्हापासून कंपन्या कुलपं करायच्या कामाला लागल्या. आणि काय एकेक कुलपं! १९८५ च्या सुमारास इंग्लंडात लेन्सलॉक नावाची एक युक्ती निघाली. गेमबरोबर प्लास्टिकचं एक घडीचं भिंग यायचं. टी.व्ही.च्या पडद्यावर अक्षरांचा चुरा दिसे. भिंग पडद्याला टेकवून त्यातून पाहिलं की चुऱ्याची दोन अक्षरं होत, ती टाइप केली की गेम उघडे. टी.व्ही. फार मोठा किंवा फार लहान असला तर मात्र अक्षरं जुळत नसत. ‘एलीट’ नावाच्या प्रसिद्ध गेमच्या काही डब्यांतून तर भलत्याच गेमचं भिंग गेलं. पैसे देऊन घेणारा भिंग डोळ्याला लावून पडद्यापुढे ओणवा, आणि कुलूप काढून टाकलेली प्रत मिळवणारा आरामात खुर्चीवर! या इतिहासाचा पुढचा सगळा नमुना इथंच ठरून गेला.

मग १९८९ ची ‘सिमसिटी’ आली, शहर वसवण्याची गेम. तिच्याबरोबर गडद लाल कागदावर काळ्या शाईत छापलेला एक तक्ता असे. लाल अशासाठी की झेरॉक्स काढली तर नुसता काळा चौकोन यावा. तो तक्ता धड वाचायचा तर प्रामाणिक ग्राहकालाही खिडकीशी जावं लागे. १९९० च्या ‘मंकी आयलंड’बरोबर पुठ्ठ्याची दोन चक्रं येत, एकावर एक बसवलेली. ती फिरवून दर्यावर्दी चाच्याचा अर्धा चेहरा अर्ध्या चेहऱ्याला जुळवायचा आणि खाली दिसेल तो आकडा भरायचा. चोरी रोखण्याच्या कामावर चाच्यांनाच नेमणाऱ्या माणसाच्या विनोदबुद्धीला आम्ही मनापासून दाद देतो.

आणि इथं या इतिहासात आमचा प्रवेश होतो.

१९९५ च्या आसपासची गोष्ट. औसा रोडवर एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. आत पडदे, गारवा आणि देवघरासारखी शांतता. सर डॉस शिकवत. सर चहाला गेले की आम्ही ‘प्रिन्स’ लावत असू. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने जवळजवळ एकट्याने, वर्षानुवर्षं खपून १९८९ साली पुरी केलेली गेम. तिच्यातला राजपुत्र खऱ्या माणसासारखा पळे, कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून घेतली होती. हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत! आमच्याकडे फक्त फ्लॉपी होती; तिच्यावर बॉलपेनने ‘प्रिन्स’ लिहिलेलं होतं. ती कुणाची कॉपी, आणि ती पहिली प्रत कुणाची, हे शोधणं म्हणजे ऋषीचं कूळ शोधण्यासारखं.

पहिली पातळी पार केली की राजपुत्र एका दालनात येई. तिथं ओळीने बाटल्या मांडलेल्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर. गेमबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल ती प्या, असा हुकूम सुटे. पुस्तिका! लातुरात ती कुणी पाहिलेली नव्हती. मग आम्ही अंदाजपंचे बाटल्या प्यायचो. चुकीची प्यालो की राजपुत्राची जीवनशक्ती घटायची. पण लातूरची पोरं चिवट. कुठल्या पान-ओळ-शब्दाला कुठली बाटली चालली, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत टिपायला सुरुवात केली. दोन महिन्यांत, न पाहिलेल्या पुस्तिकेची अक्षरं आमच्या दोनशे पानी वहीत तयार! पुढं ‘लातूर पॅटर्न’ म्हणून पाठांतराचं आणि सरावाचं जे कौतुक झालं, त्यात या वहीचा उल्लेख कुणी करत नाही, हा आमच्यावर अन्याय आहे.

तेव्हा ही चोरी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. लातुरात ती गेम विकत मिळत नव्हती, आणि मिळती तरी आमच्या वडिलांनी चपलेचा अंगठा शिवून घालण्याच्या काळात तिला पैसे दिले नसते. पण तो आमच्या वकिलाचा युक्तिवाद झाला. मेक्नरला आमच्याकडून दमडी मिळाली नाही, ही जमाखर्चातली बाजू तशीच राहते.

कायदाही तेव्हा होता बरं का. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि कॉम्प्युटर प्रोग्रामची गणना ‘साहित्यकृती’त करण्यात आली. म्हणजे पाहा, आम्ही इतकी वर्षं विनोदी लेख लिहितो, त्याला साहित्य म्हणायला कुणी धजत नाही. आणि बाटल्या पिणारा राजपुत्र मात्र सरकारदरबारी साहित्यिक! १९९४ च्या दुरुस्तीने तर चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवसांची कैद सांगितली. औसा रोडचा तो अख्खा क्लास आत गेला असता.

चोरांवर चिडलेल्या माणसाने काय करू नये, याचा धडा मात्र आपल्या शेजारच्या लाहोरने दिला. तिथले बासित आणि अमजद फारूख अल्वी हे दोघे भाऊ वैद्यकीय उपयोगाचा प्रोग्राम विकत. लोक तो चोरून वापरतात म्हणून, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, चोरट्या प्रतींना अद्दल घडवण्यासाठी १९८६ साली त्यांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रकार सोडला. कॉम्प्युटरच्या पहिल्या व्हायरसांत त्याची गणना होते. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! व्हायरस फ्लॉपीमागून फ्लॉपी धरत जगभर पसरला. त्याला चोर कोण आणि साव कोण हे थोडंच कळत होतं? आणि लाहोरला फोन खणखणू लागले.

फ्लॉपी गेली, सीडी आली. आता गेम खेळताना कंपनीची मूळ सीडी आत घातलेली असलीच पाहिजे, असा नियम झाला. सीडीवर ओरखडा उठला की साडेसाती सुरू. चोराच्या प्रतीला सीडीच लागत नसे, त्यामुळे तिला ओरखड्याचं भय नव्हतं. २००८ साली यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचं तर फार गमतीदार झालं. ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ ही तिची गेम काहींनी इंटरनेटवरून, म्हणजे सीडीशिवाय, विकत घेतली होती. कंपनीने सुधारणा पाठवली आणि ती सुधारलेली गेम त्या लोकांकडे सीडी मागू लागली. कधी दिलीच नव्हती ती सीडी! बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने एक दुरुस्ती दिली. ती उघडून पाहतात तो काय, चोरांच्या एका नामांकित टोळीने कुलूप काढण्यासाठी केलेली किल्लीच कंपनीने आपली म्हणून वाटली होती. घरमालकाने आपल्याच भाडेकरूसाठी दरोडेखोराकडून चावी उसनी आणावी, त्यातलाच प्रकार.

त्याच साली ‘स्पोअर’ नावाची गेम आली. ती तीनच वेळा कॉम्प्युटरवर चढवता येईल अशी अट होती. म्हणजे साडी घेतली, पण तीनदाच नेसायची. गिऱ्हाईकं खवळली, ॲमेझॉनवर हजारोंनी तिला एकेक तारा देऊन आपला राग काढला. आणि इतकं कडक कुलूप लावूनही ती त्या वर्षी भरमसाट चोरली गेली ती गेलीच.

२०१० मध्ये यूबीसॉफ्टने कळस केला. गेम चालू असेपर्यंत इंटरनेट अखंड चालू पाहिजे. तुटलं की गेम थांबली. मार्च महिन्यात कुणीतरी कंपनीच्या सर्व्हरवरच हल्ला केला आणि ‘असासिन्स क्रीड २’ विकत घेणारे अनेक जण ऐन रविवारी हात चोळत बसले. ज्या शहाण्याने हा नियम काढला, त्याला त्या काळी आठ दिवस लातुरात आणून ठेवायला हवं होतं. आमच्याकडे तेव्हा भिंतीवर पंचांगाशेजारी लोडशेडिंगचं वेळापत्रक असे, आणि दोहोंपैकी पंचांग अधिक खरं ठरे.

पुढचा योगायोग आम्हाला फार जिव्हाळ्याचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या शेजारचं परळीचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं. मार्चमध्ये तिकडे अमेरिकेत नवी ‘सिमसिटी’ आली. शहर वसवा, नळ टाका, वीज द्या, अशी तीच जुनी गेम. पण आता कंपनीच्या सर्व्हरशिवाय एक वीटही न रचणारी. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. लोक पैसे मोजून, आपल्याच शहराबाहेर, रांगेत उभे! कंपनी म्हणाली, शहराचं गणित आमच्या सर्व्हरवर होतं, त्याला इलाज नाही. हुशार गिऱ्हाइकांनी दाखवून दिलं की त्याच्याविना बराच वेळ चालतं. शेवटी वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच इंटरनेटशिवाय चालणारी सोय दिली. तिकडे याला ‘सदोष माल’ म्हणाले. पैसे भरले, जोडणी आहे, फक्त पाणी आणि वीज येत नाही, याला आम्ही तेव्हा ‘लातूर’ म्हणत होतो. २०१६ च्या एप्रिलात तर आम्हाला मिरजेहून आगगाडीने पाणी आलं.

बरं, ही कुलपं निदान मालकाच्या हयातीत तरी टिकावीत? २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ‘सेफडिस्क’ नावाच्या जुन्या कुलपाला थारा देणं बंद केलं, कारण त्या कुलपातूनच उपद्रव्यांना घरात शिरायला फट राहत होती. तेव्हापासून, पैसे देऊन घेतलेल्या, कपाटात जपून ठेवलेल्या कितीतरी सीडी नव्या कॉम्प्युटरवर मुक्या झाल्या. आणि ‘द क्रू’ नावाची मोटारींची गेम, २०१४ पासून विकलेली, ३१ मार्च २०२४ ला तिचे सर्व्हर कंपनीने बंद केले. ३१ मार्च म्हणजे आमच्या धंद्यातला खाती बंद करण्याचा दिवस. पण आम्ही निदान शिल्लक तरी परत देतो! त्यावर युरोपात विकलेल्या गेम अशा मारू नका म्हणून मोहीम निघाली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या.

हे सगळं वाचून आम्ही कंपन्यांवर दात-ओठ खाणार होतो. पण खाताना ती दोनशे पानी वही आठवली. चोरी झाली नसती तर कुलूप कोण कशाला करेल? आमच्या बँकेत एक प्रकार नेहमी घडतो. कर्जदार गाव सोडून जातो. मग नोटीस कुणाला जाते? जामीनदाराला. जो पत्त्यावर सापडतो, ज्याला लाज आहे, ज्याची पगाराची पावती आमच्याकडे आहे, त्याच्याकडून वसुली. १९९५ साली कर्ज काढलं ते आम्ही, औसा रोडवरच्या पोरांनी. आणि पाडव्याच्या दिवशी जामीनदार म्हणून पडद्यापुढे बसलं होतं आमचं पोरगं.

कायद्याला निदान माणसाचा हेतू तरी बघावा लागतो. २०१२ च्या आपल्या दुरुस्तीत असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, पण ती हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडणाऱ्याला. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची, मूळ प्रत खराब झाली तर हाताशी असावी म्हणून, जादा प्रत करून ठेवायलाही कायद्याची मुभा आहे. कुलपाला यातलं काही कळत नाही. त्याला समोर उभा राहील तो चोर. आणि चोर तर कधीच समोर उभा राहत नाही. तो मागच्या दाराने जातो. मग उरतो कोण? पावती हातात घेतलेला संन्याशी.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. पोलंडमध्ये एके काळी बाजारात उघड्यावर चोरट्या सीडी विकल्या जात. सीडी प्रोजेक्ट नावाच्या तिथल्या एका लहान कंपनीने १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ ही गेम पोलिश भाषेत आणली ती कुलपावर भिस्त ठेवून नव्हे, तर खोक्यात नकाशा, पुस्तक, गाण्याची सीडी अशी रेलचेल भरून. विकतचा माल चोरीच्या मालापेक्षा सरस केला. पुढं त्याच कंपनीने २०१५ मध्ये ‘द विचर ३’ ही स्वतःची गेम आपल्या दुकानात बिनकुलपाची विकली. चोरायला अगदी सोपी. तरीही २०२३ पर्यंत सगळीकडे मिळून तिच्या पाच कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. गिऱ्हाइकाला चोर न समजण्याचा धंदा बुडीत नसतो, एवढं त्यावरून आमच्यासारख्या बी.कॉम.लाही कळतं.

सुट्टी संपली. नोव्हेंबर होता, म्हणजे पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे मेलेल्या माणसाला सिद्ध करावं लागत नाही. ते काम जिवंत माणसाचं. एक म्हातारबा काउंटरवर आले. मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला, जुळत नाही. आयुष्यभर विळा-कुदळ धरून अंगठ्यावरच्या रेघा कधीच्या गुळगुळीत झालेल्या. चौथ्या खेपेला अंगठा जुळेल असं वाटलं, तेवढ्यात सर्व्हरच गेला.

आमचं तोंड सवयीने उघडलं. म्हातारबा आमच्याकडे बघत म्हणाले, “सायेब, म्या तुमच्याम्होरं हुबा हाव की.”

मागच्या खिडकीतून येणारा तो गेमचा आवाज आमच्या कानात घुमला. आम्ही ड्रॉवर उघडला, तळाशी गेलेला कागदी फॉर्म शोधून काढला, म्हातारबांना आत बाकावर बसवलं, पासबुकावरचा फोटो पाहिला, त्यांचं तोंड पाहिलं, आणि फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. साहेब नशिबाने मीटिंगला गेलेले नव्हते. त्यांची सही घेतली. सगळं मिळून बारा मिनिटं लागली.

संध्याकाळी घरी आलो तर चिरंजीवांची गेम एकदाची सुरू झाली होती. पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारलं, “बाबा, आज तुमचा सर्व्हर चालू होता?”

“नव्हता,” आम्ही म्हणालो, “पण काम झालं.”